शुक्रवारची एकादशी

हेब्बाळच्या एका कारखान्याच्या फाटकाशी बुधवारी दुपारी नव्या नावाची मुलगी स्कूटरवर बसल्या बसल्या सिक्युरिटीवाल्याशी भांडत होती. स्कूटरवर, पाय ठेवायच्या जागी, चौकडीच्या कापडात गुंडाळलेलं एक चौकोनी धूड उभं होतं आणि ते पडू नये म्हणून तिनं दोन्ही गुडघ्यांनी दाबून धरलं होतं. कापडाला गाठ नव्हती, टाचण्या मारलेल्या होत्या. शिंप्याच्या घरची मुलगी ती, गाठ कशाला मारेल?

सिक्युरिटीवाल्याचं म्हणणं एकच – आत न्यायच्या वस्तूचा पास दाखवा. तिचं म्हणणंही एकच – मला रघु नावाच्या माणसाला भेटायचंय आणि ही वस्तू त्याला दाखवायचीय. वर श्रावणातला भुरभुर पाऊस. म्हैसूरचा हा पाऊस मोठा लबाड, छत्री उघडावी तर लाज वाटते आणि न उघडावी तर केस ओले होतात. तिचे झाले होते. एक बट गालाला चिकटून बसली होती, आणि दोन्ही हात हँडलला असल्यामुळे नव्या फुंकर मारून ती उडवायचा प्रयत्न करत होती. बट हलायचं नाव घेईना.

समोरच्या टपरीवरून एक तरुण रस्ता ओलांडून आला. गळ्यात कंपनीचा पट्टा, हातात चहाचा कप.

"यात काय आहे?" त्यानं कन्नडात विचारलं.

"आमचं दुकान," नव्या म्हणाली.

तो धुडाकडे बघत राहिला. नव्याला वाटलं, हाही आता पास मागणार. तिनं सरळ फोन काढला, कानाला लावला आणि मराठीत सुरू झाली. "काका, इथे आत सोडत नाहीत. तो रघु का कोण, मेलमध्ये नुसता इंग्रजीत दम देतो... आणि दारात आलं की पत्ता नाही. अय्यो काका, माणूस आहे का कुलूप?"

"कुलूपच," शेजारचा तरुण मराठीत म्हणाला. "तेच काम आहे माझं... मीच रघु."

आता दुसरी एखादी असती तर लाजून चूर झाली असती, निदान जीभ तरी चावली असती. नव्यानं फोन पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "बरं झालं, तुम्हीच भेटलात. मग उघडा आता."

त्याला हसू आलं. ते लपवायला त्यानं कप तोंडाला लावला, आणि कप केव्हाच रिकामा झालेला होता.

तर हे नव्याचं दुकान म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. लष्कर मोहल्ल्यात शेषगिरी काकांचं शिवणाचं दुकान आहे. नऊ कारागीर, नऊ मशिनं, आणि आतल्या कोपऱ्यात एक कंप्यूटर. चाळिशी उलटल्यावर काकांना कंप्यूटरचं खूळ लागलं. दोन वर्षं संध्याकाळच्या क्लासला जाऊन, कॉलेजच्या पोरांच्या बाकावर बसून ते प्रोग्रामिंग शिकले, आणि स्वतःच्या हातानं दुकानाचं वेब अॅप्लिकेशन लिहून काढलं. कुणाचा खांदा उतरता, कुणाला खिसा डावीकडे, कुणाचं पोट दर दिवाळीला इंचभर पुढे – सगळं त्यात. या कारखान्याच्या कामगारांचे युनिफॉर्म बारा वर्षं त्याच्याच जिवावर शिवले जात होते. काकांनी बटण दाबलं की मापांची यादी थेट कंपनीच्या सर्व्हरवर जायची.

आणि आज सकाळी नव्यानं बटण दाबलं, तर यादी गेली नाही. पुन्हा दाबलं, नाही. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा नाही.

यादी सहाशे बारा कामगारांची होती. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत ती पोचली नाही, तर दसऱ्याच्या युनिफॉर्मचं काम बाहेरगावच्या तयार कपड्यांच्या कंपनीकडे जाणार होतं, करारातच तसं लिहिलेलं. दुकानातल्या नऊ माणसांना श्रावणापासून दसऱ्यापर्यंत दुसरं काम नव्हतं. नव्याच्या तोंडचं पाणी पळालं. काका मात्र शांत. ते म्हणाले, "कुणी बंद केलं? त्या कंपनीवाल्यांनी, अल्वा? होय ना? मग त्यांनाच नेऊन दाखव. मशीन बिघडलं की आपण मशीन उचलून नेतो. मशीनचं वर्णन नेतो का?"

या बिनतोड युक्तिवादामुळे नव्या सबंध कंप्यूटर घेऊन हेब्बाळला आली होती.

रघुनं तिला टपरीच्या पत्र्याखाली आणलं, धूड उचलून बाकावर ठेवलं आणि दोन चहा सांगितले.

"काल, मंगळवारी संध्याकाळी मीच बंद केलं," तो म्हणाला. "दोन कंप्यूटर बोलायला लागायच्या आधी ठरवतात, आपलं बोलणं तिसऱ्याला कळू नये म्हणून कुठल्या पद्धतीनं गुप्त ठेवायचं. तुमचा कंप्यूटर फार जुनी पद्धत वापरतो. टीएलएस एक पॉइंट शून्य म्हणतात तिला. आता ती कुणीही फोडतं. म्हणून आम्ही सांगितलं, इथून पुढे नवी पद्धत, एक पॉइंट दोन किंवा त्याच्या वरची. मार्चपासून तीन मेल पाठवली."

"ती काकांच्या पत्त्यावर. मी आज सकाळी पाहिली. काका मेल उघडत नाहीत. म्हणतात, ज्याला गरज आहे तो फोन करेल."

"मी फोन करायला हवा होता," रघु म्हणाला. आणि ते त्यानं इतकं साधेपणानं म्हटलं की नव्याची भांडायची सगळी तयारी वाया गेली.

"तीन दिवस जुनी पद्धत चालू ठेवा ना... फक्त आमच्यासाठी," ती म्हणाली.

"नाही होत."

"यादी मेलनं पाठवली तर?"

"खरेदी विभाग घेत नाही. पोर्टलवरून आली तरच." त्यानं मान हलवली. मग तिचा चेहरा पाहून घाईघाईनं म्हणाला, "पण तुमच्या कंप्यूटरला नवी पद्धत शिकवता येईल. सहा वाजता ड्यूटी संपते. येऊ का दुकानात?"

नव्या त्याच्याकडे पाहत राहिली. "तुम्ही मराठी कुठे शिकलात?"

"घरी. आम्ही रंगारी. पणजोबांपर्यंत कापडावर छाप मारायचे. आता घरात अर्धं कन्नड झालंय. मला मराठी आईकडून आलेली, त्यामुळे वाढणं आणि रागावणं, दोनच गोष्टी नीट बोलता येतात."

"वाढताना बोलता तसंच बोला मग," नव्या म्हणाली. तिची ती बट कधी वाळून कानामागे गेली, तिचं तिलाच कळलं नाही.

सहा म्हणता तो साडेसहाला आला. दुकानात मशिनं चालू होती, बाहेर रिक्षांचे हॉर्न, आणि पत्र्यावर पाऊस बारीक आवाज करत होता. नव्यानं कंप्यूटर परत जागेवर जोडून ठेवला होता. काकांनी रघुला खुर्ची दिली, पण स्वतः त्याच्या खांद्याशी उभे राहिले, परक्या कारागिरानं आपलं मशीन उघडलं की मालक उभा राहतो तसे.

नव्या धास्तावली होती. याआधी आलेल्या दोन कंप्यूटरवाल्यांनी काकांचा प्रोग्राम उघडून आधी हसून घेतलं होतं, मग म्हणाले होते, हे भंगारात काढा. काका त्या दिवशी जेवले नव्हते. नव्या नऊ वर्षांची असताना तिचे वडील गेले. त्यानंतरच्या संध्याकाळी तिनं या कोपऱ्यात, काकांच्या शेजारी स्टुलावर बसून काढल्या होत्या. काका एकेक ओळ टाइप करायचे आणि तिला वाचून दाखवायचे. तो प्रोग्राम कुणी भंगार म्हटला की तिला ते स्वतःलाच म्हटल्यासारखं वाटायचं.

रघु वाचत होता. वाचता वाचता थांबला.

"इथे लिहिलंय, 'या ओळीला हात लावू नये, शेषगिरी'."

"लावू नये," काका म्हणाले.

"काय आहे ती?"

"एकादशी."

आमच्या घरी एकादशीला कापडाला कात्री लावत नाहीत, काकांनी सांगितलं. विठ्ठलाचा दिवस. पण कामाची घाई असली की माणसाचा धीर सुटतो. म्हणून काकांनी प्रोग्राममध्येच सोय करून ठेवली होती. पाडव्याला पंचांग घेऊन ते वर्षाच्या सगळ्या एकादशा टाइप करायचे, आणि त्या दिवशी प्रोग्राम उघडला की पडद्यावर एवढंच यायचं – आज एकादशी. काम बंद.

नव्या श्वास रोखून रघुकडे पाहत होती. हसला तर? पण तो हसला नाही.

"छान लिहिलंय," तो म्हणाला. "आमच्याकडे लोक सात-सात वर्षं शिकून येतात आणि स्वतःची ओळ काय करते ते लिहून ठेवत नाहीत. काका, तुमची शिवण मी उसवणार नाही. मला एकच ओळ बदलू द्या. 'जुन्या पद्धतीनंच बोल' असं तुम्ही इथे लिहिलंय, तिथे नवी पद्धत लिहायची. बाकी सगळं या मशीनच्या विंडोजमध्ये आहे. त्याला नवी पद्धत येते, पण ती बंद करून ठेवलेली आहे. काही अपडेट घालून चालू करावी लागेल."

काकांनी त्याच्या खांद्याशेजारची जागा सोडली आणि गल्ल्यावर जाऊन बसले. नव्याला ठाऊक होतं, हे फार मोठं सर्टिफिकेट होतं.

ती चहा घेऊन आली तेव्हा रघुच्या बाहीवर एक पांढरा दोरा चिकटला होता. दुकानात आलेल्या प्रत्येकाला चिकटतो तसा. नव्यानं हात पुढे केला आणि तो उचलून टाकला, हजार गिऱ्हाइकांचा उचलला असेल तसाच. पण रघु टाइप करता करता थांबला, आणि तिचे कान एकदम गरम झाले. काय हे, ती स्वतःलाच म्हणाली, दोराच तर होता...

"किती वेळ लागेल?" तिनं उगाच विचारलं.

"अपडेट उतरायलाच उद्या संध्याकाळ होईल. तुमचं इंटरनेट स्वल्प हळू आहे."

"सुम्ने, उगाच नावं ठेवू नका. इंटरनेट बरं आहे."

"बरं आहे," तो लगेच म्हणाला. "मला काही घाई नाही."

गुरुवारी तो बरोबर सहाला हजर. नव्यानं त्या दिवशी हिरवा कुडता घातला होता, आणि काकू – म्हणजे सोयराबाई – दोनदा म्हणाल्या होत्या, "कंप्यूटर दुरुस्त करायला एवढी इस्त्री?" काकू दुकानात क्वचितच येत, पण गुरुवारी त्या डब्यातून शंकरपाळे घेऊन आल्या आणि बराच वेळ बसल्या. रघुचं आडनाव विचारलं, घर विचारलं, आई काय करते विचारलं. त्यानं सगळ्याची उत्तरं दिली, आणि शंकरपाळा मात्र एकही मागे ठेवला नाही.

साडेसात वाजता त्यानं ती ओळ बदलली. काकांना बोलावून वाचून दाखवली. काकांनी मान डोलावली. मग त्यानं खुर्ची सरकवली आणि नव्याला म्हणाला, "तुम्ही दाबा."

नव्यानं बटण दाबलं. पडद्यावरचं चक्र फिरलं, फिरलं... आणि लाल अक्षरं आली. सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही.

"परत," रघु म्हणाला.

परत तेच. त्यानं सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या. नवी पद्धत चालू होती, जुनी बंद होती, ओळ बरोबर होती. त्याच्या लॅपटॉपवरून तोच सर्व्हर व्यवस्थित उघडत होता. या कंप्यूटरवरून नाही. "पद्धत जमली आहे," तो पुटपुटला, "पण हा आमच्या सर्व्हरवर विश्वासच ठेवत नाही. का ठेवत नाही..." आठ वाजले, कारागीर गेले, काकांनी अर्धं शटर ओढलं. रघुनं केसांतून हात फिरवला. बुधवारी फाटकाशी दिसलेला ठामपणा आता कुठेच नव्हता.

"उद्या पाचपर्यंत वेळ आहे," नव्या म्हणाली.

"सकाळी ऑडिट आहे, मला तीनशिवाय सुटता येणार नाही. पण येतो. नव्या, मी... मी नक्की येतो."

त्यानं पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं होतं. एरवी तिनं त्यावरून त्याला दहा वाक्यं ऐकवली असती. त्या वेळी ती नुसती "हूं" म्हणाली, कारण तिचा जीव टांगणीला लागला होता आणि त्या नऊ जणांना सकाळी काय सांगायचं हे तिला सुचत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता नव्यानं दुकान उघडलं, कंप्यूटर लावला आणि प्रोग्राम सुरू केला.

आज एकादशी. काम बंद.

ती बघतच राहिली. एकादशी मंगळवारी होऊन गेली होती. काकूंनी साबुदाण्याची खिचडी केलेली तिनं स्वतः खाल्ली होती. शुक्रवारी कसली एकादशी? तिनं प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. एकादशी. कंप्यूटर बंद करून पुन्हा लावला. तरी एकादशी. काल निदान यादी दिसत तरी होती, आज तर दारच लागलं. काकांना हाक मारली तर ते आले, पडद्यासमोर उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते आत विठ्ठलाच्या तसबिरीपुढे जाऊन बसले ते बसलेच. नाश्ता नाही, जेवण नाही. काकू येऊन कपाळाला हात लावून गेल्या, ताप नव्हता. नव्यानं तीनदा विचारलं, तिन्ही वेळा त्यांनी नुसते हात जोडले. तिला वाटलं, बारा वर्षांची मेहनत बुडाली म्हणून हे असे झालेत, आणि तिला रडूच यायला लागलं. पण रडायला सवड नव्हती. ऑडिट सुटेपर्यंत ती रघुला फोन लावत राहिली, तीनला लागला. तो म्हणाला, "कशालाही हात लावू नका, निघालोच."

तीन वाजून वीस मिनिटांनी तो आला. पावसानं शर्ट खांद्यावर भिजलेला. आल्या आल्या पडदा पाहिला, मग आत बसलेल्या काकांकडे पाहिलं. काय वाटलं कोण जाणे, कंप्यूटरपाशी न बसता तो काकांच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसला.

"काका, काय झालं?"

बाहेरच्या माणसाला सांगणं सोपं असतं म्हणतात ते खरं. काका बोलले.

"त्यानंच बंद केलं," ते तसबिरीकडे बोट दाखवून म्हणाले. "मी पाप केलं, रघु. मंगळवारी कारखान्याकडून उशिरानं चाळीस जणांची मापं आली. शुक्रवारपर्यंत यादी द्यायची, आणि प्रोग्राम म्हणतो एकादशी. मीच लिहिलेला, मलाच आत सोडेना. मग मी... मी कंप्यूटरची तारीख मागे नेली. दुकानाचं दार लावून दिवसभर मापं भरली."

"तुम्ही जप करताय म्हणालात," काकू दारातून म्हणाल्या.

"जपही करत होतो," काका म्हणाले.

"किती मागे नेली तारीख?" रघुनं विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"दशमीला नेणार होतो. पण दशमीलाही एक वेळच जेवायचं असतं, नियम असतात. म्हटलं, उगाच धोका नको. सरळ अष्टमीलाच नेऊन बसवली."

"आणि परत पुढे केली नाही?"

"बंद करून लावलं की आपोआप सुधारतं ना ते?"

रघुनं डोळे मिटले. त्याचे खांदे हलायला लागले. नव्याला क्षणभर वाटलं, हाही रडतोय. पण तो हसत होता, आवाज न करता, तोंडावर हात दाबून.

"काका, देवानं नाही केलं," तो म्हणाला. "तुमचा कंप्यूटर तीन दिवस मागे चाललाय. इथे आज शुक्रवार आहे, त्याच्याकडे आज मंगळवार आहे. त्याची एकादशी आज आली. त्यानं तुमचा नियम पाळला, अष्टे, एवढंच."

दुकानातली मशिनं एकेक करून थांबली होती. सगळे ऐकत होते.

"आणि कालचं?" नव्या म्हणाली. "काल का नाही गेलं?"

"आमच्या सर्व्हरचं ओळखपत्र असतं. मंगळवारी संध्याकाळी जुनी पद्धत बंद केली तेव्हा ओळखपत्रही नवं काढलं. काल गुरुवारी तुमच्या कंप्यूटरला सोमवार होता. त्याच्या हिशेबानं ते ओळखपत्र अजून निघालेलंच नव्हतं. मग तो विश्वास कसा ठेवेल? आणि या जुन्या पडद्यावर खाली फक्त वेळ दिसते. वेळ अगदी बरोबर होती. तारीख पाहायचं मला सुचलं नाही... तीन वर्षं हेच काम करतोय मी."

तो उठला, खुर्चीवर बसला आणि तारीख तीन दिवस पुढे केली. एवढंच. दहा सेकंदांचं काम. पडद्यावरची एकादशी गेली आणि सहाशे बारा नावांची यादी उघडली. काका कधी येऊन मागे उभे राहिले कुणाला कळलं नाही. रघु उठून बाजूला झाला.

"काका, तुम्ही दाबा."

काकांनी तसबिरीकडे पाहिलं, मग बटण दाबलं. चक्र फिरलं. नव्यानं कुणाचा तरी हात घट्ट धरला होता. कुणाचा, ते बघायचं धाडस तिला झालं नाही, पण त्या हाताला शिवणाचे घट्टे पडलेली बोटं नव्हती. चक्र फिरत राहिलं... आणि थांबलं. यादी मिळाली. सहाशे बारा. वेळ चार वाजून दोन मिनिटं.

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि त्याच पदरानं काकांचं कपाळ पुसलं. नव्याचा जीव असा काही भांड्यात पडला की तिला स्टुलावर बसावंच लागलं. तिचा हात तिनं तेव्हा सोडवून घेतला. जरा उशिराच.

"काका," रघु म्हणाला, "ती एकादशीची ओळ काढून टाकू का? पुन्हा अडचण नको."

"राहू दे," काका म्हणाले. "मी मोडली, त्यानं पाळली. आज मीही त्याच्याबरोबर पाळतो. आता उपास सोडायचा तो उद्याच." आणि मशिनांकडे वळून म्हणाले, "तुम्हाला काय उपास आहे? चला, कापड काढा."

पुन्हा मशिनं सुरू झाली. रघुनं लॅपटॉप बॅगेत भरला, वायर गुंडाळली, चेन लावली, मग काहीतरी राहिल्यासारखी पुन्हा उघडली आणि पुन्हा लावली. नव्या त्याच्याबरोबर दारापर्यंत आली. समोरच्या दुकानांच्या पत्र्यांवरून थेंब गळत होते. दोघंही त्या थेंबांकडेच बघत उभे राहिले.

"आयतु," तो म्हणाला. "झालं काम."

"झालं."

"आता नीट चालेल. पुष्कळ वर्षं चालेल."

"चालेल ना..."

तो एक पायरी उतरला. आता तो निघालाच होता, आणि नव्याला कळलं की आत्ता बोललो नाही तर नंतर आपल्या हातून बोलणं होणार नाही. काका एवढे मोठे, त्यांनी सगळ्यांदेखत कबूल केलं. आपल्याला काय धाड भरली आहे?

"मलाही एक कबूल करायचंय," ती म्हणाली.

तो थांबला.

"काल लाल अक्षरं आली ना... नऊ माणसांचं काम अडकलेलं, काकांचं सगळं पणाला लागलेलं. आणि मला – एक क्षणभर – बरं वाटलं. की तुम्ही उद्याही याल." तिनं मान खाली घातली. "एकच क्षण. पण वाटलं. रात्रभर त्याची लाज वाटत होती मला. कुणाला सांगू?"

गुरुवारची ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती, कारण तिनंच कुणाला सांगितली नव्हती.

रघु आपल्या वाढण्याच्या आणि रागावण्याच्या मराठीत शब्द शोधत असावा. मग पायरीवर परत चढून आला.

"काल घरी जाताना मी देवाला म्हटलं, उद्या चालू होऊ दे. मग म्हटलं, पण सकाळी नको, मी पोचल्यावर होऊ दे. फोनवर सुटलं असतं तर इथे यायला मला कारण राहिलं नसतं." त्याचे कान लाल झाले होते. "ऑडिटमध्ये बसलो होतो, पण लक्ष इथेच होतं. कंप्यूटरवर नाही. तुमच्यावर. मला तुम्ही आवडता, नव्या. बुधवारी फाटकाशीच आवडलात, मला कुलूप म्हणालात तेव्हाच. इतके दिवस दुरुस्तीचं नाव करून येत होतो... आता दुरुस्त करायला काही उरलं नाही, आणि मला जायचं नाही."

नव्याला हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळेही भरले, दोन्ही एकदम. तिनं पाठ फिरवली नाही, पुसलेही नाहीत. आतून काकूंची हाक आली, त्या मुलाला उपाशी पाठवू नकोस गं. कात्रीचा करकर आवाज सुरू झाला होता. दसऱ्यापर्यंत आता तो थांबणार नव्हता.

"रविवारी तलकाडला याल?" ती म्हणाली. "वाळूत चालू, नदीत पाय सोडून बसू."

"तिथे काही बिघडलंय का?" त्यानं विचारलं.

"काहीच नाही."

"मग येतो," रघु म्हणाला.